विषाणू गेला, मग हा त्रास कसला?

पत्राचा सारांश: पत्र एका मोठ्या बहिणीचं आहे. तिच्या ३१ वर्षांच्या धाकट्या भावाला दोन महिन्यांपूर्वी ताप, डोकेदुखी, असंबद्ध बोलणं आणि मग फिट असं सगळं दोन-तीन दिवसांत झालं. शहरातल्या हॉस्पिटलात पाठीतलं पाणी तपासल्यावर हर्पिसच्या विषाणूमुळे मेंदूला सूज आल्याचं निदान झालं. एकवीस दिवस सलाइनमधून औषध दिलं. तो घरी आला तेव्हा माणसं ओळखत होता, जेवत होता, हळूहळू नावंही आठवू लागली होती. तीन आठवडे बरे गेले. त्यानंतर त्याची झोप उडाली, तो एकटाच पुटपुटू लागला, बायकोवर संशय घेऊ लागला. एका रात्री त्याने तिच्यावर हात उगारला. ती चार वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी गेली आहे. मुलीला हा आजार लागेल, अशीही भीती तिला वाटते. आईला वाटतं, ही बाहेरची बाधा आहे, एका ठिकाणी नेऊन अकरा दिवस ठेवलं पाहिजे. गावातल्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, फरक नाही. न्यूरॉलॉजिस्ट फोनवर म्हणाले की पुन्हा दाखल करा, पाठीतलं पाणी परत तपासू, कदाचित स्टिरॉइड द्यावं लागेल. नात्यातल्या एका कंपाउंडरने सांगितलं आहे की स्टिरॉइडने विषाणू परत उठेल. बहीण विचारते: पुन्हा तीच तपासणी करून त्याला त्रास द्यायचा का? की आता हा असाच राहणार, हे मान्य करायचं? आणि भावजयीला समजावून परत आणायचं का?

ताई,

आधी तातडीचं सांगते. न्यूरॉलॉजिस्टनी बोलावलं आहे ना, तर याच आठवड्यात जा. जमलं तर हे वाचून झाल्यावर लगेच फोन करून उद्याची वेळ मागा. त्याला फिट आली आणि पाच मिनिटांत थांबली नाही, तो हाक मारूनही भानावर येईना, अंग कडक होऊन एकाच स्थितीत राहू लागला किंवा अन्नपाणी घेईनासा झाला, तर वेळ मागत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या. बाकी सगळं त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात एक वाक्य आहे: "विषाणू मेला असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणजे आता जे चाललंय ते त्या आजाराचं नाही." घरातले सगळे वाद या वाक्यातून निघाले आहेत. आजाराचं नाही, मग बाधा असेल. आजाराचं नाही, मग वेड असेल. आजाराचं नाही, मग त्याचा मूळचा स्वभावच बाहेर पडला असेल. वाक्याचा पहिला भाग बहुधा बरोबर आहे. दुसरा भाग तपासून बघावा लागेल.

हर्पिसमुळे मेंदूला सूज आलेल्या काही रुग्णांना बरं वाटू लागल्यावर, काही आठवड्यांनी, दुसरा झटका येतो हे डॉक्टरांना खूप वर्षांपासून दिसत होतं. लहान मुलं हातपाय विचित्र हलवायला लागत, मोठी माणसं भ्रमिष्टासारखी वागत. विषाणू परत आला असेल असं समजून पाणी तपासलं, तर पुष्कळदा विषाणू सापडतच नसे. या कोड्याची किल्ली दुसऱ्याच आजारातून मिळाली. २००७ साली जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही तरुण स्त्रियांच्या आजाराचं कारण शोधून काढलं. त्या अचानक वेड्यासारख्या वागू लागल्या होत्या, त्यांना फिट्स येत होत्या, आणि त्यांच्या बीजकोशात एका विशिष्ट प्रकारची गाठ होती. त्यांच्या शरीरात मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टर नावाच्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी (एरवी शरीर परक्या गोष्टींशी लढायला बनवतं ती प्रथिनं) तयार झाल्या होत्या. पुढे २०१२ मध्ये बर्लिनच्या हाराल्ड प्रूस यांच्या गटाने हर्पिसची मेंदूसूज झालेल्या ४४ रुग्णांचे नमुने तपासले, तर त्यांतल्या १३ जणांमध्ये याच रिसेप्टरविरुद्धच्या अँटीबॉडी निघाल्या. २०१८ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी ५१ रुग्णांवर पहिल्या आजारापासूनच लक्ष ठेवलं. त्यातल्या १४ जणांना हा दुसरा आजार झाला, म्हणजे दर चार माणसांत साधारण एकाला. बहुतेकांना तो पहिल्या आजारानंतर तीन महिन्यांच्या आतच झाला. मोठ्या माणसांत तो मुख्यतः वागण्यातल्या आणि मनाच्या बदलांनी दिसला.

तुमच्या भावाचा दोन महिन्यांचा हिशेब आता या माहितीशेजारी ठेवून बघा. त्याला हेच झालंय असं मी पत्रावरून सांगणार नाही, कुणीच सांगू नये. पण तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना दुसऱ्यांदा पाणी का तपासायचं आहे, ते तुम्हाला आता कळलं असेल.

हे होतं कसं, तेही थोडं समजून घ्या. आईला आणि भावजयीला सांगताना उपयोगी पडेल. हर्पिसचा विषाणू मेंदूत शिरला की त्याचा सगळ्यात जास्त मारा कानशिलांच्या मागे असलेल्या भागांवर होतो. आठवण, भाषा, भावना यांचा बराचसा कारभार तिथून चालतो. त्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातली प्रथिनं बाहेर पडतात. एरवी शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला ती फारशी दिसत नाहीत. विषाणूशी लढायला आधीच पेटलेली ही व्यवस्था त्या प्रथिनांनाही परकं समजून त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवू लागते. हे होण्यामागचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण सध्या तरी हेच आहे. अँटीबॉडी एनएमडीए रिसेप्टरला चिकटतात आणि पेशी आपल्या पृष्ठभागावरचे ते रिसेप्टर आत ओढून घेतात. रिसेप्टर कमी झाले की पेशींचं आपापसातलं बोलणं बिघडतं. पेशी मात्र मरत नाही. अँटीबॉडी हटल्या की रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर येऊ शकतात. विषाणूने केलेलं नुकसान आणि अँटीबॉडीने केलेला बिघाड यांत हा मोठा फरक आहे. तुम्ही "असाच राहणार" असं लिहिलंत ना, त्यावर माझं उत्तर या फरकात आहे.

शस्त्रक्रियेत भुलीसाठी वापरतात ते केटामाइन याच रिसेप्टरला अडवतं. ते दिल्यावर अगदी शहाण्यासुरत्या माणसालाही काही वेळ भास होतात, आपण शरीराबाहेर आहोत असं वाटतं. मग ज्याचे रिसेप्टर आठवडेच्या आठवडे कमी झालेले आहेत, त्याला बायको जेवणात काहीतरी मिसळते असं वाटलं, तर त्यात त्याच्या मनात आधीपासून दडलेलं काही शोधायला जाऊ नका. "खरं तर त्याच्या मनात हे होतंच का" हा प्रश्न तुम्ही पत्रात हळूच विचारला आहे. तो तुम्हाला रात्री झोपू देत नसणार, हे मी समजू शकते. संशय आणि राग हे या आजाराचं नेहमीचं रूप आहे. जगभरातल्या वेगवेगळ्या घरांतल्या, वेगवेगळ्या स्वभावांच्या रुग्णांमध्ये तेच दिसतं.

"मेंदूचं आहे की मनाचं" या प्रश्नावर घरात दोन तट पडले आहेत असं तुम्ही लिहिता. हा प्रश्न बाजूला ठेवला तरी चालेल. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलात त्यात काही चुकलं नाही, झोप आणि भीती यांवर त्यांची मदत पुढेही लागणार आहे. पण दोन महिन्यांपूर्वी हर्पिसची मेंदूसूज झाली होती, हे त्यांना डिस्चार्ज कार्डासकट दाखवलंत का? पत्रावरून मला तशी खात्री वाटत नाही. ते फार महत्त्वाचं आहे, कारण अँटीबॉडीच्या या आजारात भासांवरची नेहमीची औषधं काही रुग्णांना सोसत नाहीत, अंग कडक होणं, ताप चढणं असे त्रास होतात. म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, पण दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं घडवून आणा. एक फोन पुरतो.

अजून एक गोष्ट, जी घरच्यांच्या लक्षात येत नाही. फिटसाठी त्याला लेव्हेटिरासेटाम नावाची गोळी सुरू आहे का, ते कार्डावर बघा. फार चांगलं औषध आहे, पण काही जणांमध्ये त्याने चिडचिड आणि आक्रमकपणा वाढतो. सगळा दोष गोळीचाच निघाला तर गोळी बदलून काम होईल. मात्र ती अचानक थांबवली तर फिट्स येतील, त्यामुळे तेही डॉक्टरांच्याच हातात राहू द्या.

म्हणजे त्याच्या या वागण्यामागे काय काय असू शकतं? अँटीबॉडी असू शकतात. विषाणू खरोखर परतलेला असू शकतो, हे कमी वेळा घडतं पण घडतं. अंग न झटकता आतल्या आत येणाऱ्या फिट्स असू शकतात, त्या ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावर, दिसतात. रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं, औषधाचा परिणाम असू शकतो. आणि पहिल्या आजाराने मागे ठेवलेलं कायमचं नुकसानही असू शकतं. "असाच राहणार" म्हणताना या शेवटच्या शक्यतेवरच तुम्ही शिक्का मारताय, आणि नेमकी तीच मला सगळ्यात कमी पटते. उरलेलं नुकसान पहिल्या दिवसापासून दिसतं आणि हळूहळू कमी होतं, निदान आहे तिथेच थांबतं. तुमचा भाऊ तीन आठवडे सुधारत होता आणि मग घसरला. सुधारून घसरलेल्या माणसाची नव्याने तपासणी व्हायलाच हवी.

आता पाठीतल्या पाण्याची भीती. सुई कमरेच्या खालच्या भागात घालतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, त्यामुळे "सुईने पाय जातात" हे जे तुमच्या कानावर आलंय ते मनातून काढून टाका. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, विशेषतः उठून बसल्यावर. एवढा त्रास होऊ शकतो हे त्यालाही आधी सांगा. या पाण्यातून दोन गोष्टी कळायला हव्यात: हर्पिसचा पीसीआर, म्हणजे विषाणू अजून आहे का ते दाखवणारी तपासणी, आणि अँटीबॉडी. अँटीबॉडीसाठी नुसतं रक्त तपासून काही वेळा चुकीचं समाधान मिळतं, पाण्यातली तपासणी जास्त भरवशाची असते. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की दोन्ही पाठवताय ना.

आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी विषय संपला असं समजू नका. स्पेनमधल्या त्या १४ रुग्णांपैकी ९ जणांत एनएमडीएच्या अँटीबॉडी होत्या, उरलेल्या ५ जणांत दुसऱ्याच होत्या, त्या नेहमीच्या तपासण्यांच्या संचात सापडतीलच असं नाही. उलट, अँटीबॉडी सापडूनही काही जणांना पुन्हा कसलाच त्रास झाला नाही. म्हणून डॉक्टर रिपोर्टचा कागद, एमआरआय, ईईजी आणि समोरचा माणूस, हे सगळं एकत्र बघून ठरवतात. रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि चित्र स्पष्ट असेल तर ते त्याआधीच उपचार सुरू करू म्हणतील. त्या वेळी "रिपोर्ट येऊ द्या की" म्हणून अडवू नका.

तुमच्या नात्यातल्या कंपाउंडरना मी वेड्यात काढणार नाही. विषाणू जोरात असताना स्टिरॉइडसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देताना डॉक्टरही जपून असतात. पण इथे प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली असेल, तर तिला आवरल्याशिवाय सुटका नाही. पीसीआर निगेटिव्ह आला की विषाणूचा धोका पुष्कळ कमी होतो. रिपोर्ट येईपर्यंत किंवा उपचार चालू असताना काही डॉक्टर विषाणूविरुद्धच्या अ‍ॅसायक्लोव्हिरचं संरक्षणही देतात. "विषाणू परत उठू नये म्हणून तुम्ही काय करणार आहात?" असं थेट विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

खर्चाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण ती ओळ जड आहे. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन साधारण तीन ते पाच दिवस शिरेतून देतात. त्याची किंमत आवाक्यातली असते, खर्च होतो तो दाखल राहण्याचा. आयव्हीआयजी म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी. त्या रुग्णाच्या वजनावर मोजून देतात आणि मोठ्या माणसाचा खर्च लाखांत जातो. त्याऐवजी प्लाझ्मा बदलण्याचा मार्गही असतो. या दोन्हींनी भागलं नाही तर प्रतिकारशक्तीला आवरणारी रितुक्सिमॅबसारखी औषधं आहेत. "सगळ्यात महाग तेच सगळ्यात चांगलं" हे इथे लागू होत नाही, म्हणून परवडण्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, लाजू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा. मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलात तर समाजसेवा अधीक्षकांना भेटा. कुठला अर्ज कुठे करायचा हे त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

आईंशी भांडू नका. त्यांनी अंगारा लावला, नवस बोलला, तर लावू द्या, बोलू द्या. मुलाला या अवस्थेत बघणाऱ्या आईच्या हाताला काहीतरी काम हवं असतं. पण अकरा दिवस कुठेतरी नेऊन ठेवणं याला माझा ठाम विरोध आहे. ते अकरा दिवस उपचारातून वजा होतील, तिथे फिटची गोळी चुकेल, आणि उपास, धुरी, बांधून ठेवणं यांतलं काहीही त्याच्या जिवावर बेतू शकतं. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधून मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे गरज पडली तर मामा-काकांना सांगा. आईंना मात्र एवढंच म्हणा की आधी पाण्याची तपासणी, देवाला मग आपण सगळे मिळून जाऊ.

आता भावजयीचं. तिला परत आणायचं का, असं तुम्ही विचारलंत, आणि पुढे लिहिलंत की "नवरा आजारी असताना निघून गेली, असं लोक म्हणतात". लोकांचं राहू द्या. ती महिनाभर हॉस्पिटलच्या बाकावर झोपली, हे तुम्हीच त्याच पत्रात लिहिलं आहे. त्याने हात उगारला त्यामागे आजार असेल, पण मार लागायचा तो लागतोच, आणि घरात चार वर्षांची मुलगी आहे. तो उपचाराखाली येऊन शांत होईपर्यंत तिने माहेरी राहणं योग्यच आहे. तिला समजवायला जाऊ नका. तिच्याकडे जा, पण वेगळ्या कामासाठी. तो कधी नीट झोपला होता, पहिल्यांदा विचित्र कधी बोलला, तोंड वेडंवाकडं करू लागला तो दिवस कुठला, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसणार. कदाचित तिच्या मोबाइलमध्ये एखादा व्हिडिओही असेल. तिच्याजवळ बसून तारीखवार लिहून घ्या आणि तो कागद न्यूरॉलॉजिस्टना द्या. ओपीडीत रुग्ण पाच-दहा मिनिटं शांत बसतो आणि घरचे "तसा बराय" म्हणून मोकळे होतात, असं पुष्कळदा घडतं. तारखांचा कागद आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ असला की तसं होत नाही.

तिची मुलीबद्दलची भीतीही घालवा. हर्पिस सिम्प्लेक्सचा हा विषाणू जगातल्या पन्नाशीच्या आतल्या निम्म्याहून अधिक माणसांच्या शरीरात असतो, बऱ्याच जणांना तो लहानपणीच मिळतो आणि फार तर ओठांवर पाण्याचे फोड येतात. मेंदूसूज होते ती दर दहा लाखांत वर्षाला दोन-चार जणांना. बापाच्या जवळ बसल्याने मुलीला मेंदूसूज होत नाही, आणि अँटीबॉडीचा आजार तर कुणाकडून कुणाला लागतच नाही. नागिणीच्या इंग्रजी नावातही हर्पिस हा शब्द आहे, पण तो वेगळ्या विषाणूचा आजार आहे. शेजारणींनी त्यावरून जे सांगितलं ते या घरापुरतं विसरा.

"आम्ही त्याला लवकर घरी आणलं का" याचंही उत्तर देते. नाही. या आजारात अ‍ॅसायक्लोव्हिर शिरेतून १४ ते २१ दिवस देतात, त्याला पूर्ण २१ दिवस मिळालं. अँटीबॉडी तयार होणं तुमच्या हातात नव्हतं.

तो पूर्ववत होईल का, हे मी लिहून देऊ शकत नाही. अँटीबॉडीचा भाग उपचाराला दाद देतो, लहान बाळांपेक्षा मोठ्यांमध्ये जास्त चांगली देतो. पण सुधारणा दिवसांत मोजू नका, महिने लागतात. आणि विषाणूने पहिल्या फेरीत केलेल्या नुकसानापैकी काही, विशेषतः नवीन गोष्टी लक्षात ठेवण्यातली अडचण, मागे राहू शकते. दूध संघातली नोकरी टिकवायची असेल तर आजारपणाची रजा आत्ताच कागदावर घ्या, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मोटारसायकलची किल्ली त्याच्या हाती देऊ नका.

हे सदर वाचणाऱ्या आणखी काही घरांसाठी दोन शब्द. तुमच्या घरी कुणाला हर्पिसची मेंदूसूज होऊन गेली असेल, तर घरी आल्यापासून तीन महिने कॅलेंडरवर खूण करून ठेवा. चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर हातपाय आपोआप वळवळणं, तोंडाच्या विचित्र हालचाली, सुस्ती, पुन्हा फिट्स, शिकलेलं विसरणं यांवर लक्ष ठेवा. मोठं माणूस असेल तर झोप, संशय, बोलण्यातला बदल यांवर. जपानी मेंदूज्वरानंतरही अशाच अँटीबॉडीचे रुग्ण नोंदले गेले आहेत, त्यामुळे विषाणू दुसरा असला तरी सुधारून घसरणाऱ्या रुग्णाबद्दल हाच प्रश्न विचारा: "हा ऑटोइम्यून प्रकार, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटल्याचा प्रकार, असू शकतो का?" हे एक वाक्य चिठ्ठीवर लिहून नेलंत तरी चालेल.

ताई, उद्या जाताना पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, एमआरआयची सीडी, पाण्याचा जुना रिपोर्ट, आत्ता चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि भावजयीकडून घेतलेला तारखांचा कागद बरोबर ठेवा. सोबत एक धीराचा पुरुष माणूस असू द्या, वाटेत तो बिथरला तर तुम्ही एकट्या पडू नये. आणि रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा.